दानाला हिशेब हवाच

निवृत्तीनंतर चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम या किनाऱ्यावरच्या गावी मी राहावयास आलो. गाव मूळचे मच्छीमारांचे. येथे चर्च आहे, दर्गा आहे आणि देवळेही आहेत. तिन्हीकडच्या दानपेट्यांत लोक आपापल्या परीने काही टाकतात आणि कोणी कोणाला त्याचा आकडा विचारत नाही. अलीकडे मात्र गावाजवळून जाणाऱ्या पूर्व किनारा मार्गावर निराळ्याच दानाचे फलक दिसू लागले आहेत. ध्यानाची, मौनाची, अंतःशांतीची दोन-तीन दिवसांची शिबिरे; तळाशी ‘डोनेशन’ हा शब्द आणि त्यापुढे ठरावीक रक्कम. ती आगाऊ भरल्याशिवाय प्रवेश नाही. अशाच एका फलकावर बुद्धाची ध्यानस्थ मूर्ती पाहिली, तेव्हा मनात आले की ज्याचा आकडा घेणाऱ्याने ठरविला त्याला दान म्हणावे की शुल्क?

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. शुल्क म्हटले की व्यवसाय आला आणि व्यवसायामागोमाग कर आला. दान म्हटले की करसवलतीची वाट मोकळी होते, शिवाय हिशेब विचारणारा अश्रद्ध ठरतो. म्हणून बौद्ध परंपरेतील दानाचा इतिहास आज नव्याने वाचण्याजोगा आहे.

धर्मोपदेशकाने पैसा घ्यावा की नाही, यावर बौद्ध संघात फार पूर्वीच वाद झाला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे काही भिक्खू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून उपासकांकडून नाणी मागत असत, असे विनयपिटकात नमूद आहे. यश नावाच्या भिक्खूने त्यास हरकत घेतली. जमलेल्या रकमेतला वाटा त्याला देऊ केला, तोही त्याने नाकारला. पुढे सातशे भिक्खूंची संगीती भरली आणि सोने-रुपे स्वीकारणे संघाच्या नियमांत बसत नाही, असा निर्णय झाला. उपासकाने अन्न, वस्त्र, निवारा, औषध द्यावे आणि भिक्खूने कल्याणाचा मार्ग दाखवावा, अशी ही परस्परांची बांधिलकी होती. तीत उपदेशाला किंमत नव्हती, म्हणूनच उपदेशक कोणाचा मिंधा नव्हता.

पण संघ म्हटला की निवारा आला, वस्त्रे आली आणि खर्चही आला. तो भागवायचा कसा, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे. इतिहासाचा विद्यार्थी असताना नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यासमोर मी प्रथम उभा राहिलो, तेव्हा तेथील शिलालेखाचे मोल मला कळले नव्हते. सरकारी नोकरीत अर्धे आयुष्य घालविल्यावर ते कळले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हे लेणे संघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत जुळतो. याच दात्याने संघाला आठ हजार नारळीची झाडे दिली. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेऊन दिले, हेही तेथे कोरले आहे. राजाच्या जावयाने शेत हिरावून घेतले नाही, मोल मोजून घेतले!

याहून महत्त्वाचे वाक्य पुढे येते. ही सारी देणगी निगमसभेत जाहीर वाचून दाखविली आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविली, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे देणारा कोण, रक्कम किती, ती कोणाकडे, कशासाठी आणि साक्षीला कोण, या पाचही प्रश्नांची उत्तरे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावीत अशी दगडावर होती. उषवदाताला कीर्तीची हौस नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण त्या नोंदीमुळे श्रेणीला ठेव नाकारता येत नव्हती आणि संघालाही मुद्दल उडविता येत नव्हते.

दाते केवळ राजकुळातले नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी एकेक स्तंभ दिला, तर तेथल्याच एका सुताराचे नाव दरवाजाच्या कामाशी जोडलेले आहे. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे. मोठे लेणे एकाच्या थैलीवर नव्हे, अनेकांच्या ऐपतीवर उभे राहत असे.

तमिळ भूमीही याला अपवाद नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी श्रीविजयाच्या राजाने नागपट्टिणमला चूडामणी विहार उभारला. शैव असलेल्या राजराज चोळाने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम गावचा महसूल लावून दिला, आणि राजेंद्र चोळाने ते दान ताम्रपटांवर कायम केले. हत्तीण फिरवून गावाची सीमा आखल्याचा उल्लेख त्यांत आहे. राजाचा धर्म एक, दानाचा धर्म दुसरा. पण कागदपत्रे चोख.

आधुनिक काळातही हा धागा तुटलेला नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. समोर बसलेले बहुतेक लोक हातावर पोट असणारे होते. धम्माचे काम कोणा धनिकाच्या मेहेरबानीवर चालू नये, हा त्यामागचा विचार उघड आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे सत्यनारायण गोएंकांनी रुजविलेली पद्धतही पाहण्याजोगी आहे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, शिकविणाऱ्याला मानधन नाही, आणि निदान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतले जाते. आधी लाभ, मग दान, तेही पुढच्या साधकासाठी.

आता कायद्याकडे वळू. निनावी देणग्यांवर तीस टक्के कर लावण्याची तरतूद २००६ च्या वित्त अधिनियमाने आली. निव्वळ धार्मिक न्यासांना मात्र तीतून सूट मिळाली. २०२५ मध्ये नव्या प्राप्तिकर विधेयकाच्या वेळी धार्मिक आणि धर्मादाय असे दुहेरी काम करणाऱ्या न्यासांनाही सूट असावी, अशी शिफारस लोकसभेच्या प्रवर समितीने केली. दानपेटीत टाकणाऱ्याचे नाव कसे नोंदविणार, हा युक्तिवाद रास्तच आहे. कोवलमच्या कोळणीने पेटीत टाकलेल्या दहा रुपयांची पावती फाडा, असे कोणी म्हणू नये. पण त्याच सुटीच्या आडोशाने लाखांच्या रकमा निनावी येत असतील, तर तो गुप्तदानाचा गौरव नव्हे.

सेवेत असताना एका संस्थेच्या जमीनमागणीची नस्ती माझ्यापुढे आली होती. वर्षाची सारी जमा ‘गुरुदक्षिणा’ या एका ओळीत दाखविली होती. दाते कोण, खर्च कशावर, असे दोन प्रश्न मी शेऱ्यात लिहिले. उत्तर आले नाही. मी धर्मविरोधी असल्याची कुजबुज मात्र आठवड्यात सुरू झाली. त्या वेळी मी शेरा सौम्य केला. आजही त्याची खंत वाटते.

गुप्तदान श्रेष्ठ, असे आपल्याकडे मानतात आणि त्यातली नम्रता मला मान्य आहे. दात्याचे नाव जगापासून झाकलेले असावे, हिशेबवहीपासून नव्हे. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पेटीतील सुटी नाणी-नोटा आणि ठरावीक मर्यादेवरील देणगी यांत कायद्याने स्पष्ट फरक करावा, आणि दुसऱ्या प्रकाराला नावाशिवाय सवलत नसावी. प्रवेशासाठी सक्तीने घेतलेल्या रकमेला शुल्कच म्हणावे, मग शिकविणारा कोणत्याही धर्माचा असो. आणि प्रत्येक संस्थेने वर्षाचा जमाखर्च स्थानिक भाषेत आपल्या दारावर लावावा. यासाठी नवा विभाग नको, नवे अधिकारीही नकोत. नाशिकच्या लेण्यात हे दोन हजार वर्षांपूर्वी झाले आहे, तेही छिन्नी-हातोड्याने.

गुरूला पोसणे हे समाजाचे कर्तव्य आहे, यात मला शंका नाही. गुरू निर्भय राहावा यासाठीच ते आहे. हिशेब विचारल्यावर ज्याला भय वाटते, त्याला आपल्या दानाने निर्भय केलेले नाही, एवढे दात्याने ओळखावे.