मशीनला हळदकुंकू

आमच्या गल्लीत या आठवड्यात नवं मशीन आलं. याआधी वॉशिंग मशीन आलं, घरघंटी आली, आणि कुणाच्या तरी जावयाने पुण्याहून पाठवलेलं, आपलं आपण फिरून फरशी पुसणारं यंत्रही आलं. पण नारळ फुटला तो आबांकडच्या या नव्या मशीनसाठी. आजींनी त्यावर कुंकवाचं बोट ओढलं, अक्षता वाहिल्या. आबांनी उंबऱ्यावर नारळ आपटला. पाणी आत जाऊ नये म्हणून सूनबाईंनी मशीन पटकन बाजूला सरकवलं. मग सगळ्यांना शेगावची कचोरी.

मशीन होतं वाफेचं. डॉक्टर त्याला नेब्युलायझर म्हणतात. डबीत औषधाचे थेंब टाकायचे, नळी जोडायची, मास्क लेकराच्या तोंडाला लावायचा आणि बटण दाबायचं. लेकरू म्हणजे आबांची नात चिमी, वय वर्षं तीन. आजाराच्या यंत्राचा एवढा समारंभ कशाला, असं मी विचारणार होतो, पण कचोरी गरम होती.

आबा घाटाखालचे, नांदुऱ्याकडचे. सरकारी नोकरीतून मोकळे झाले आणि घाट चढून बुलढाण्यात घर बांधलं. का, तर हवा. घाटाखालच्या माणसाला बुलढाण्याच्या हवेचं जे कौतुक असतं ते आम्हा घाटावरच्यांना कधी कळलं नाही. आम्हाला ती फुकटच मिळालेली. वऱ्हाडातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून इंग्रजांच्या काळापासून गावाचं नाव, आणि आबांनी याच नावावर प्लॉट घेतला. रोज पहाटे ते ओट्यावर उभे राहतात, छाती भरून हवा घेतात, “काय हवा हाये मास्तर!” असं मला ओरडून सांगतात आणि बिडी पेटवतात.

चिमीचं दुखणं गेल्या हिवाळ्यापासूनचं. आधी नाक गळतं, मग खोकला, मग छाती भरते आणि रात्री दोनच्या सुमारास पसली उडायला लागते. तिच्या बापाने तिला मोटारसायकलवर शालीत गुंडाळून दवाखान्यात नेलेलं गल्लीने अनेकदा पाहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, बाळदमा. आजींनी हा शब्द घरात शिरूच दिला नाही. “दमा म्हनू नोका बाप्पा, पोरीची जात हाये. अॅलर्जी म्हना.” तीन वर्षांच्या मुलीच्या स्थळाची काळजी! दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांनीही माना डोलावल्या म्हणे. डॉक्टरांनी मग पंप सांगितला, तर आबा आडवे आले. “पंपाची सवय लागते.” हे सांगताना त्यांच्या बंडीच्या खिशात बिड्यांचं बंडल होतं. चाळीसेक वर्षांची सवय त्यांच्या खिशात बसली होती आणि काळजी होती ती पंपाच्या सवयीची. म्हणून मशीन. मशीनची कशी सवय लागत नाही, हे मी विचारलं नाही.

तर कचोरी संपली, मशीन घुर्र करून सुरू झालं, चिमी मास्कमधून मोठ्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत बसली. आणि आबा उठून दारात गेले, चौकटीला टेकले आणि त्यांनी काडी ओढली. वारा होता बाहेरून आत. आत वाफ, दारात धूर, आणि दोन्हींच्या मधे पाच-सहा हात अंतर.

“आबा, पोरीला वाफ चालू आहे.”

“म्या काय घरात पेतो काय मास्तर? दारात पेतो.”

बिडी ओढणाऱ्या माणसाच्या घरात “बाहेर” नावाची जागा नेमकी कुठे असते, याचा नकाशा कुणीतरी काढला पाहिजे. उन्हाळ्यात बाहेर म्हणजे अंगण. पावसाळ्यात बाहेर म्हणजे ओटा. डिसेंबरात बुलढाण्याची थंडी पडली की बाहेर म्हणजे दाराची चौकट, जानेवारीत खिडकीजवळची खुर्ची. फ्लॅटमधल्या लोकांचं बाहेर म्हणजे बाल्कनी, जिचं दार वाळत घातलेल्या कपड्यांसाठी कायम उघडं. काही सुशिक्षितांचं बाहेर म्हणजे संडास, जिथला पंखा घरातच उघडतो. माझे एक व्याही गाडीची काच चार बोटं खाली करतात आणि तेवढ्याने ते बाहेर जातात. मागच्या सीटवर नातवंडं असतात.

डॉक्टरी गोष्ट थोडक्यात सांगतो. तान्हं मूल मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. फुप्फुसातले वायुकोश बहुतेक जन्मानंतर तयार होतात, म्हणजे चिमीची छाती अजून बांधून व्हायचीच आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ साली जाडजूड अहवाल काढला. आईबापांच्या धुराने मुलांच्या फुप्फुसांची वाढ मंदावते, दमा जास्त उसळतो, छातीचे आजार आणि कानाची दुखणी वाढतात, आणि या धुराचं निर्धोक असं प्रमाणच नाही, असं त्यात आहे. खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही, असंही आहे. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे मोठे लोक निघाले ३.८ टक्के, आणि तंबाखू, खर्रा वगैरे तोंडात धरणारे २४.४ टक्के. आपण चघळणारी माणसं. तोंडात धरणारा निदान आपल्याच तोंडाचं वाटोळं करतो (आणि शेजारच्या भिंतीचं). पण देशभरात घरातल्या घरात दुसऱ्याचा धूर घेणारे मोठे लोक त्याच सर्वेक्षणात ३८.७ टक्के होते.

कायदा आहे, आणि तो मुंबईच्याच माणसामुळे हलला. मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी ओढायला मनाई केली. २००३ साली कायदा झाला, २००८ च्या गांधी जयंतीपासून कडक नियम आले, दंड २०० रुपयांपर्यंत. हे सगळं आबांना तोंडपाठ आहे. मलकापूरच्या स्टेशनवर ते बिडीला हात लावत नाहीत. एसटीत राजूर घाट उतरेपर्यंत बंडल खिशातून बाहेर येत नाही, मग ड्रायव्हरने विचारलं तरी. अनोळखी माणसांच्या छातीची एवढी काळजी घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या उंबऱ्याशी आला की मोकळा होतो. कारण तिथे कायदा येत नाही आणि पावती फाडायला कुणी बसलेलं नाही. तिथे फक्त सून असते.

सुनेबद्दल लिहायचंच आहे. पण मधे आमच्या हिने एक काडी टाकली आणि दोन दिवस गल्लीत तेच चालू आहे, म्हणून आधी ते.

ही म्हणाली, “आबांना एकट्यालाच काय बोलता? या पोरीला धूर कुणी कुणी दिला ते मोजा.” आणि तिने मोजायला सुरुवात केली. चिमी दहा दिवसांची असल्यापासून धुरी. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, धूप, खोलीचं दार बंद, आणि आजी तिला दोन्ही हातांवर धरून धुरावर पालथी-उलथी करत. बाळाचं अंग शेकतं, सर्दी होत नाही. पोरगी खोकली की आजी म्हणायच्या, कफ सुटतोय. पहाटे अंघोळीच्या पाण्याला परसात बंब, त्यात घाटाखालून आणलेल्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी ओली असली की साऱ्या गल्लीचे डोळे चुरचुरतात. संध्याकाळी देवापुढे अगरबत्ती, मग धूपकांडी, आणि रात्री चिमीच्या पलंगाखाली मच्छर अगरबत्ती, ती गोल हिरवी. या शेवटच्या गोष्टीवर मी जरा वाचलं. चीन आणि मलेशियातल्या अशा अगरबत्त्या तपासून २००३ साली संशोधकांनी लिहिलं की एक अख्खी कॉइल जळाली की निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात. हे मी गल्लीत सांगितलं आणि पस्तावलो. कारण आजी दुखावल्या. ज्या बाईने जन्मात बिडीला बोट लावलं नाही, तिला मी सिगारेटी ओढणारी ठरवलं, असा निरोप गल्लीभर पोचला.

आजींचं दुखावणं मला समजतं. त्यांचं सगळं बालपण चुलीपुढे गेलं. त्यांची आई फुंकणीने चूल फुंकता फुंकता खोकायची आणि पन्नाशीत चार पावलं चालली की थांबायची. विडी न ओढता विडीवाल्याची छाती झालेल्या अशा बायका वऱ्हाडात घरोघर होत्या, त्यांना कुणी आजारी मानलंच नाही. “बाईमानूस हाये, थकनारच.” गॅस आला तेव्हा आजींनी त्याचीही पूजा केली होती. म्हणजे धूर वाईट हे त्यांना माझ्याआधी कळलेलं आहे. फक्त मायेने केलेला धूर वाईट असू शकतो, हे त्यांच्या गळी उतरत नाही. धुरीचा तर नाहीच.

आबा मात्र खूष. “पाहा मास्तर, साऱ्याइच्याच घरात धूर हाये. मंग माह्या बिडीलेच काऊन धरता?”

याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते दिलं. कॉइल काढून मच्छरदाणी बांधता येते, आजींनी ती बांधलीही, रुसून का होईना. बंबाच्या जागी हीटर येईल. अगरबत्ती एकवर आणता येईल, देवाची तक्रार नसते. या प्रत्येक धुरामागे काहीतरी काम आहे: डास, पाणी, देव. बिडीमागे काय आहे? आबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. “महाराजबी चिलीम पेत होते.”

महाराजांचं शेगाव इथून फार लांब नाही आणि आबा दर महिन्याला दर्शनाला जातात. या जिल्ह्यात हे पान पडलं की समोरचा हात जोडतो आणि विषय संपतो. मी जोडलेच. पण आजी आतून म्हणाल्या, “महाराजाच्या चिलमीले इस्तो लागला नव्हता. तुमच्या बिडीले रोज माह्या घरची काडीपेटी लागते.” जानकीराम सोनाराने विस्तव नाकारला आणि चिलीम विस्तवाशिवाय पेटली, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तिचा असा उपयोग मी पहिल्यांदाच ऐकला. आबांनी अर्धी बिडी विझवली. आणि कानामागे ठेवली.

आता सून. या सगळ्या गदारोळात ती एक शब्द बोललेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या उशिरा आलं. तिला सगळं आधीपासून दिसतंय. आबांनी बिडी ओढून चिमीला उचललं की ती “चला, दूध प्यायचं” म्हणत पोरीला काढून घेते. आबांचं मफलर आणि बंडी ती रोज धुते, थंडीतसुद्धा, कारण पोरगी त्या मफलरात तोंड खुपसून झोपते. बाकी घरातले कपडे एक दिवसाआड. सासऱ्याला “ओढू नका” म्हणायचं म्हणजे काय, हे ज्या बाईने कधी सासर पाहिलं तिला विचारा. नवरा म्हणतो, बाबांचं वय झालं, आता काय बोलायचं. घरच्याच माणसाचा धूर घेणाऱ्या बायकांची नोंद झालेली आहे. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामांनी ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांची चौदा वर्षांची नोंद मांडली आणि नवऱ्यांच्या सिगारेटीने त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो, असं दाखवलं. सिगारेट कंपन्यांनी आकडेमोडच चुकल्याचा गलका केला होता. त्या बायकांपैकी किती जणींनी नवऱ्याला कधी काही म्हटलं असेल, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसणार.

तर या सूनबाईंनी काय करावं? परवा त्या चिमीला दाखवायला एकट्याच गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, जे तुम्ही मला तोंडी सांगता ते चिठ्ठीवर लिहून द्या. डॉक्टरांनी लिहिलं, औषधांच्या खाली, त्यांच्या अक्षरात. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले आबाच, कारण औषधं आणणं हे त्यांचं खातं. मेडिकलवाल्या पोराने एकेक ओळ वाचत डब्या काढल्या आणि शेवटच्या ओळीवर अडकला. “आबा, हे नाही आपल्याकडे.” मग डोळे बारीक करून, दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ती वाचली: “घरात व दारात बिडी पूर्ण बंद.”

आबा घरी आले ते थेट माझ्याकडे. रागाने लाल. डॉक्टर कालचं पोट्टं आहे, त्याला काय कळतं, वगैरे. मग जरा शांत झाल्यावर, “मास्तर, हे ‘दारात’ कोनं सांगतलं असंन त्याले?” मी कॅलेंडरकडे पाहत राहिलो. “आनं पेपरात माह्यं नाव टाकू नोका.”

मंगळवारी चिमीला पुन्हा दाखवायचं आहे. मशीनचा आवाज आला की ती आता स्वतःच मास्क लावून बसते, बाहुलीलाही लावते. आबा काल सुनेला म्हणाले, या खेपेला मी येतो संगं, त्या डॉक्टरले दोन गोष्टी इचारतोच. सूनबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “यावंच लागेल आबा. त्यांनी या वेळी तुम्हालाच तपासायला बोलावलंय.”