केसपेपरवर जेवण कुठे आहे?

गेल्या काही महिन्यांत आमच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. रुग्ण ‘गट टेस्ट’चा, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या चाचणीचा, जाडजूड रंगीत अहवाल घेऊन ओपीडीत येतात आणि ‘यावरून डाएट लिहून द्या’ म्हणतात. त्यांनी पदरचे हजारो रुपये मोजलेले असतात, त्यामुळे अहवाल बाजूला ठेवा असे सांगताना आपलीच जीभ अडखळते.

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक आहारतज्ज्ञांनी असा एक अहवाल नाव झाकून पाठवला आहे. रुग्ण बाई पन्नाशी ओलांडलेल्या, टाइप २ मधुमेह बरीच वर्षे. फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉइडेट्स या दोन जिवाणू-समूहांचे गुणोत्तर लाल रंगात, शेजारी ‘स्थूलतेचा धोका’ असा शेरा, आणि सल्ल्यात क्विनोआ, केल, ब्लूबेरी. बाई दोन्ही वेळा बाजरीची भाकरी खातात, सोबत मटकीची उसळ नाहीतर मेथी. गोळी मेटफॉर्मिनची. नमुना देण्याच्या महिनाभर आधी लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. यातली एकही गोष्ट अहवालात नाही. ‘नॉर्मल’चा पट्टा कुठल्या मुलखातल्या, काय खाणाऱ्या माणसांवरून काढला, हेही नाही.

असा अहवाल उपचारासाठी निरुपयोगी आहे, हे रुग्णाला स्पष्ट सांगा. त्या गुणोत्तराचा गवगवा २००६ साली सेंट लुइसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने उंदरांवर आणि अवघ्या १२ स्थूल व्यक्तींवर केलेल्या कामापासून सुरू झाला. पुढच्या मोठ्या विश्लेषणांत तो संबंध फार क्षीण निघाला. मधुमेहाच्या ‘जिवाणू-खुणां’चेही तेच झाले. २०१२चा चिनी आणि २०१३चा स्वीडिश अभ्यास एकमेकांशी जुळेना. २०१५ साली ७८४ नमुन्यांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा मधुमेहाच्या नावावर जमा झालेल्या फरकांतला मोठा वाटा मेटफॉर्मिनचा असल्याचे दिसले. तो वजा केल्यावर उरली ती ब्यूटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंची घट. हे जिवाणू तंतुमय अन्नावर जगतात. म्हणजे नाशिकच्या बाईंच्या ताटातली भाकरी-उसळ हाच यातला कामाचा धागा, आणि अहवालाने नेमका तोच वगळला.

मुलखाचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या १४ जिल्ह्यांतल्या ७,००९ लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आतड्यातल्या जिवाणूंवर सर्वांत जास्त छाप राहत्या जिल्ह्याची होती, आणि एका जिल्ह्यावरून बसवलेले रोगनिदानाचे गणित दुसऱ्या जिल्ह्यात चालेना. आपल्याकडे भोपाळ आणि केरळच्या निरोगी लोकांच्या तुलनेत भोपाळकडे प्रीव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य दिसले, केरळात चित्र वेगळे होते. मग धुळ्याच्या माणसाला परदेशी पट्ट्यावर कसे मोजणार?

तेव्हा चार गोष्टी माहीत असल्याशिवाय कुठल्याही नमुन्याला अर्थ नाही: औषधे, अँटिबायोटिक, राहण्याचे ठिकाण आणि आहार. आता सरकारी दप्तर पाहा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा मधुमेहासारख्या आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला मधुमेह हे सगळे विचारले जाते. स्वयंपाकाला लाकूड वापरता, गोवऱ्या, रॉकेल की गॅस, हेही विचारले जाते. त्या चुलीवर काय शिजते, हे मात्र कुणी विचारत नाही! २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे सांगितले. हा आजार हुडकण्यासाठी भरायच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना असू नये, याचे समर्थन कोणता अधिकारी करेल? आशाताई दारात पोहोचलेल्याच आहेत. भाकरी की पोळी की भात, डाळ-उसळ आठवड्यातून किती वेळा, पालेभाजी किती वेळा, पाकीटबंद खाणे रोज की क्वचित, एवढे चार प्रश्न वाढवायला कुठलीही समिती लागत नाही. आरोग्य खात्याने ते वाढवावेत. आणि औषधांची नोंद व तुलनेचा गट छापल्याशिवाय जिवाणू-चाचणीचा अहवाल रुग्णाच्या हाती देता येणार नाही, असा नियम करावा.

पण खात्याला बोल लावताना आपले केसपेपर काय सांगतात? ‘डाएट: मिक्स्ड.’ ‘पथ्य समजावले.’ एचबीएवनसी दशांशापर्यंत लिहायचे आणि जेवण एका शब्दात उडवायचे, ही सवय आपल्यातल्या फार जणांना आहे. वेळ नसतो, ही सबब आता पुरे झाली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून गर्भधारणेच्याही आधीपासून बायकांच्या नोंदी ठेवल्या. पालेभाजी, दूध, फळे किती वेळा, असे साधे प्रश्न चिकाटीने विचारले, म्हणून या पदार्थांचा बाळाच्या जन्मवेळच्या वाढीशी असलेला संबंध दिसला. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी नव्याने निदान झालेले आणि जुने मधुमेही वेगळे मोजले. जिवाणूंचे संशोधन अशाच काटेकोर नोंदींवर उभे राहते, आणि त्यासाठी सीक्वेन्सिंगचे यंत्र तुमच्या दवाखान्यात असण्याची गरज नाही.

वाचकहो, उद्याच्या ओपीडीपासून प्रत्येक नव्या मधुमेही व स्थूल रुग्णाच्या केसपेपरवर चार ओळी लिहा: गेल्या चोवीस तासांतले जेवण, गेल्या सहा महिन्यांतले अँटिबायोटिक, मेटफॉर्मिन केव्हापासून, आणि गाव कोणते, तिथे किती वर्षे. रुग्णाच्या पुढच्या फेरीला त्याच ओळी पुन्हा लिहा. मेटफॉर्मिन सुरू करण्यापूर्वीची नोंद तर अजिबात चुकवू नका, कारण ती संधी पुन्हा मिळत नाही. तालुक्याच्या गावात बसणाऱ्या डॉक्टरांनो, संशोधकांना हवा असलेला रुग्ण मोठ्या संस्थेत पोहोचण्याच्या कितीतरी आधी तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याला ‘काल काय जेवलात?’ हे विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा.