जिरेटोपाचे वजन

'जिरेटोप' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मोत्यांचा तुरा येतो. शब्दातील 'जिरे' मात्र फार्सी 'जिरिह'वरून, म्हणजे लोखंडी कड्यांच्या चिलखतावरून आलेले आहे. डोके वाचविणारी वस्तू डोक्याची शोभा झाली, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबरीने या अर्थांतरावर शिक्कामोर्तब केले, अशी माझी तक्रार आहे. तीत चिलखत शोभून दिसते. ते उन्हात तापते, खांद्यांना काचते, असे क्वचितच वाचायला मिळते.

अहमदनगरच्या (जिल्हा आता अहिल्यानगर) किल्ल्याचा वेढा पाहा. फेब्रुवारी १५९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा चांदबिबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा आणि हाती नंगी तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली, असे फिरिश्ता सांगतो. (तो १५८९ मध्येच नगर सोडून विजापूरला गेला होता, तेव्हा हे ऐकीव.) आपण एवढेच चित्र उचलतो. खिंडार रातोरात बांधून काढले गेले, हा त्याचा पुढचा तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. सुरुंगापुढे चिलखताचा काय पाड? किल्ला तगला तो दगडमाती वाहणाऱ्या हातांमुळे. त्या हातांवर कोणी प्रकरण लिहिले आहे?

दारूगोळा नगरला नवा नव्हता. विजापूरची 'मुलुखमैदान' तोफ १५४९ मध्ये इथेच ओतली गेली. तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणारा हिंस्र पशू कोरलेला आहे. अशी तोफ ओतणाऱ्या शहरातही चिलखत अंगावर चढत राहिले. तीर-तलवारीपासून बचाव हे एक कारण, मानमरातब हे दुसरे. एका चिलखताचे हे दोन अर्थ म्हणजे कादंबरीकारासाठी आयती सामग्री.

सर्व्हांतेसने ती हेरली. नगरच्या वेढ्यानंतर नऊ वर्षांनी, १६०५ मध्ये, त्याचा डॉन किहोटे पणजोबांचे गंजलेले चिलखत घासून चढवितो आणि पुढे न्हाव्याचे पितळी भांडे शिरस्त्राण म्हणून मिरवितो. युरोपीय कादंबरीच्या आरंभीच नाइट हास्यास्पद झाला.

आपल्याकडे तसे झाले नाही, याचे कारण केवळ कल्पनादारिद्र्य नसावे. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, आणि शस्त्रबंदीचा कायदा १८७८ चा. ज्या समाजाच्या हातून तलवार काढून घेतली जात होती, त्याला तिच्याकडे पाहून हसणे कसे परवडणार? हरिभाऊंच्या पिढीचे हे ओझे मला समजते. १९४७ नंतरच्या कादंबरीकारांनी ते का वाहिले, याचे समाधानकारक उत्तर मात्र मला त्यांच्या समीक्षकांकडे सापडलेले नाही.