लहरींचा उपचार, लहरी दावे

मुंबईत लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगांच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असत. आता त्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या आहेत आणि येताना त्यांनी पांढरा कोट चढवला आहे. जडीबुटीच्या जागी यंत्र आले, वैदूच्या जागी ‘मेन्स हेल्थ क्लिनिक’ आले. तिथे सध्या बोलबाला आहे तो शॉकवेव्ह थेरपीचा. शिश्नाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत इरेक्टाइल डिसफंक्शन, यावरचा हा उपचार. ठरावीक बैठकांचे पॅकेज, किंमत हजारोंत आणि आश्वासन असे की गोळ्या कायमच्या सुटतील. जुन्या जडीबुटीपेक्षा हे प्रकरण वेगळे आहे, कारण यामागे खरे विज्ञान आहे. फक्त ते अर्धवट अवस्थेत आहे, आणि अर्धवट विज्ञानाची जाहिरात निखळ थापेपेक्षा ओळखायला अवघड जाते.

आघातलहरींचा वैद्यकातला प्रवेश मुतखड्याच्या निमित्ताने झाला. वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आपटून काय होते, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्नियर ही विमान कंपनी करत होती. त्यातून शरीराबाहेरून लहरी सोडून आतला खडा फोडण्याची कल्पना पुढे आली आणि १९८० मध्ये म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. (आपल्याकडे ‘लेसरने खडा फोडला’ असे सांगणाऱ्या अनेकांचा खडा प्रत्यक्षात या लहरींनीच फोडलेला असतो.) पुढे लक्षात आले की लहरींची तीव्रता बरीच कमी केली तर ऊती फुटत नाहीत, उलट तिथे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होण्यास चालना मिळते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये डुकरांच्या, रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयस्नायूंवर हे दाखवले. हृदयाला जे लागू पडते ते शिश्नाला का नाही, असा प्रश्न त्यानंतर कुणाला पडला तर नवल नाही. कारण ताठरता हा मुळात रक्ताभिसरणाचाच खेळ आहे: नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायू सैल होतात, धमन्यांतून रक्त आत येते आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात.

इस्रायलमधील हैफा येथील योराम वार्दी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २० पुरुषांवर हा प्रयोग केला. तक्रार रक्तवाहिन्यांशी संबंधित होती आणि सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांनी या सर्वांना आधी गुण आलेला होता. कमाल ३० गुणांच्या प्रश्नावलीत त्यांची सरासरी साडेतेरावरून एका महिन्यात जवळपास २१ वर गेली. आकडा डोळे दिपवणारा खरा. पण या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतर याच चमूने २०१२ मध्ये ६७ पुरुषांवर, काहींना खरा आणि काहींना लटका उपचार देऊन, चाचणी घेतली. तीही अनुकूल ठरली.

लटक्या उपचाराचे महत्त्व या आजारात फार मोठे आहे. यंत्र तेच, खटखट आवाज तोच, त्वचेला होणारा स्पर्श तोच. फक्त लहर आत जात नाही. तरीही अनेकांना बरे वाटते, कारण धास्ती हा या तक्रारीचा मोठा भाग असतो आणि काहीतरी इलाज चालू आहे या दिलाशानेच ती ओसरते. म्हणूनच ‘आमच्या इतक्या रुग्णांना गुण आला’ या वाक्याला पुरावा म्हणता येत नाही. डेन्मार्कमध्ये १२६ पुरुषांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या आणि लटक्या उपचारात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. त्याच वर्षी अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या दोन विश्लेषणांपैकी एकात सरासरी फायदा सुमारे २ गुणांचा निघाला, दुसऱ्यात सुमारे ४ गुणांचा. आता याच प्रश्नावलीचा निकष असा की सौम्य तक्रारीच्या पुरुषाला २ गुणांची वाढ जाणवते, मध्यम तक्रारीत ५ गुण वाढावे लागतात आणि तीव्र तक्रारीत ७. म्हणजे ज्याचे दुखणे थोडे, त्याला थोडा लाभ होऊ शकतो; ज्याचे मोठे, त्याच्या हाती फारसे काही लागण्याची शक्यता कमी. जाहिरातींतला ग्राहक मात्र नेमका हा दुसराच असतो.

तज्ज्ञांच्या संस्थाही जपूनच बोलतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या उपचाराला प्रायोगिक ठरवले. युरोपीय संघटनेने सौम्य, रक्तवाहिन्यांशी निगडित तक्रारीत तो वापरता येईल असे म्हटले, पण त्या शिफारशीलाच ‘कमकुवत’ असा दर्जा दिला. उपचार सहसा घातक नाही, हे खरे. पण निरुपद्रवी म्हणजे उपयोगी नव्हे.

त्यात आणखी एक गोम आहे, ती यंत्राची. संशोधनात मुख्यतः वापरली गेली ती केंद्रित लहरींची यंत्रे. त्यांची ऊर्जा त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. दुसरा प्रकार ‘रेडियल’ यंत्रांचा. त्यांत दाबलेल्या हवेने एक छोटी धातूची गोळी दट्ट्यावर आपटते. ऊर्जा त्वचेपाशीच सर्वाधिक असते आणि आत जाताना विखुरते. टाचदुखीसाठी फिजिओथेरपिस्टांकडे दिसणारे यंत्र बहुधा याच जातीचे. ते स्वस्त असते, आणि शॉकवेव्ह या नावाखाली दोन्ही खपून जातात. संशोधन एका यंत्राचे आणि उपचार दुसऱ्याच यंत्राने, अशी ही गंमत आहे. पैसे मोजणाऱ्याला ती कळण्याचा मार्ग नसतो.

तरीही पैसे गेले, एवढ्यावर भागले असते तर विषय इतका गंभीर नव्हता. शिश्नाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. धमन्यांत चरबी साचू लागली की बारीक नळी आधी अडते. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत नव्याने उद्भवलेली ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. छातीत कळ येण्यापूर्वी शरीराने दिलेली ही सूचना असते. मधुमेहाचेही तसेच, कित्येकांची वाढलेली साखर या तक्रारीच्या निमित्तानेच प्रथम लक्षात येते. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, हे लक्षात घेतले तर या सूचनेचे मोल कळेल. अशा माणसाचा रक्तदाब न मोजता, साखर आणि कोलेस्टेरॉल न तपासता, तो बिडी-सिगारेट ओढतो का हे न विचारता त्याला थेट यंत्राखाली घेणे म्हणजे धुराची घंटा वाजत असताना घंटेचीच दुरुस्ती करत बसणे. उलट टोकाला पंचविशीतला तरुण. पहाटे ताठरता नीट येते, पण जोडीदारासमोर येत नाही, अशी त्याची तक्रार असते. त्याच्या रक्तवाहिन्या बहुधा ठणठणीत असतात. त्याला गरज असते ती मोकळ्या बोलण्याची, समुपदेशनाची. त्यालाही पॅकेज विकले जाते.

गोळ्यांबद्दलची भीतीही या धंद्याला पोसते. १९९८ पासून वापरात असलेले सिल्डेनाफिल, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास, बहुतेकांसाठी सुरक्षित आहे आणि आता स्वस्तही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ते घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. हा इशाराही तपासणीच्या खोलीतच मिळू शकतो, जाहिरातीत नाही.

लैंगिक दुर्बलतेवरील इलाजांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई केली आहे, आणि त्यातील औषधाची व्याख्या शरीराच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तूंनाही कवेत घेते. नोंदणीकृत डॉक्टरांना जाहिरातीतून रुग्ण ओढण्यास २००२ च्या आचारसंहितेनेही बंदी आहे. कायदा आहे, अंमलबजावणी नाही. अन्न व औषध प्रशासनाने निदान इतके करावे: कोणत्या क्लिनिकात कोणत्या प्रकारचे यंत्र आहे आणि त्याला परवाना कोणत्या आजारासाठी मिळाला आहे, हे दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे.

बाकीचे काम नेहमीच्या डॉक्टरांचे. सरकारी दवाखान्यात केसपेपर हातात धरून, मागे रांग उभी असताना, पुरुष ‘अशक्तपणा आलाय’ एवढेच सांगतो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन घरी जातो. मधुमेहाच्या तपासणीत पाय आणि डोळे पाहिले जातात. त्याच वेळी, दार लोटून, हाही एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते.