बांधावरचा तरवड राहू द्या



बांध साफ दिसला की शेतकरी हुशार, असे आपण मानू लागलो. दोन सऱ्या वाढवायला बांध कोरला, उरलेल्यावर तणनाशक मारले. त्यात नवरात्रातल्या माळेचा तरवडही गेला. मुरमाड बांधावर वर्षानुवर्षे उभे राहणारे, दुष्काळातही पिवळेजर्द फुलणारे हे आपले देशी झुडूप. त्याला खत लागत नाही, पाणी लागत नाही.

तरवडाच्या फुलात मध नसतो, पराग असतो. तोही बारीक छिद्रातून झटकून काढावा लागतो. मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर पडतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाची घडणही अशीच. पण वांगी निघाल्यावर भुंग्याने जगायचे कशावर? तरवडावर.

भुंगा मजुरी मागत नाही, म्हणून तो आपल्या हिशेबात येत नाही. आम्ही म्हणतो, यासाठी अनुदान नको, योजनाही नको. बांधावर फवारा मारू नका. वाळलेल्या शेंगांचे बी तिथेच टाका. भुंग्याच्या घरासाठी एखादे वाळके लाकूड राहू द्या. एवढे आपल्याच हातात आहे.