टाकीलाही अर्थिंग हवे



मागच्या कांद्याच्या हंगामात एका वस्तीवर गेलो होतो. घरधन्याने लिलावात घेतलेला लष्कराचा जुना एक टनी निस्सान ट्रक अंगणात उभा होता. काटा कायम ‘रिकामी’वर. संध्याकाळची वेळ. घरातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा टाकीचे झाकण काढून आत डोकावत होता आणि दुसऱ्या हातात काडेपेटी! मी ओरडलो म्हणून काडी ओढायची राहिली. पोराचा दोष नव्हता. काटा चालत नाही, तर तेल किती आहे हे बघायचे कसे? म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून टाकीविषयी लिहितो.

लष्करासाठी जबलपूरला गाड्या बनत. 1959 पासून शक्तिमान ट्रक निघाले, पुढे निस्सानचे एक टनी ट्रक आणि जोंगा आल्या. शक्तिमान डिझेलचा, निस्सान आणि जोंगा मूळच्या पेट्रोलच्या. निकालात निघालेल्या अशा गाड्या लिलावातून गावोगावी पोचल्या. लोखंड दणकट, पण तारा जुन्या झालेल्या असतात.

आपण विहिरीवरच्या मोटारीला खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग देतो. गाडी तर रबरी टायरांवर उभी. तिची ‘जमीन’ म्हणजे तिची चेसिस. बॅटरीची एक तार चेसिसला जोडलेली असते. काट्याकडून एकच तार टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या यंत्राकडे जाते. वीज परत येते ती टाकीच्या पत्र्यातून चेसिसमध्ये. पण टाकी घासू नये म्हणून तिच्याखाली रबराच्या किंवा नमद्याच्या पट्ट्या असतात. त्यावर रंगाचे थर आणि गंज. मग टाकीचा चेसिसशी संबंध तुटतो. काही गाड्यांत काटा कायम भरलेला दाखवतो, काहींत कायम रिकामा.

काटा बिघडला एवढ्यावर हे थांबत नाही. पेट्रोल नळीतून वाहताना घर्षणाने त्यात स्थिर वीज तयार होते. कोरड्या हवेत नायलॉनचा सदरा काढताना चटचट होते, तीच ही वीज. टाकी चेसिसला जोडलेली नसेल तर ती पत्र्यावर साठते आणि धातूचे तोंड जवळ येताच ठिणगी उडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. तिला एक ठिणगी पुरे.

उपाय थोड्या खर्चाचा आहे. टाकी आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी जोडून घ्या. जिथे ती बसवायची तिथला रंग आणि गंज काचकागदाने घासून लोखंड चकचकीत करा. दातेरी वायसर घालून नट घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. रंगावरच नट आवळला तर काम फुकट.

हे काम उघड्यावर, टाकीचे झाकण लावून आणि बॅटरीची तार काढून करावे. टाकीला नवे भोक पाडू नका, वेल्डिंग तर मुळीच नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते. तार टेकवून ठिणगी उडते का ते पाहण्याची सवय काही मिस्त्रींना असते. टाकीजवळ तसे कुणाला करू देऊ नका. मीटर लावा. टाकी ते चेसिस एक ओहमपेक्षा कमी दाखवले की जोड चांगला समजा. एवढे करूनही काटा हलला नाही, तर टाकीतले यंत्र जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

तेल भरतानाही जपावे. लोखंडी पिंपातून भरताना आधी पिंप आणि टाकी तारेने जोडा, मगच तोंड उघडा. नळीचे तोंड टाकीच्या काठाला टेकलेले ठेवा. प्लॅस्टिकचा डबा भरायचा असेल तर तो गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवा. मालवाहू गाडीच्या हौद्यात, विशेषतः प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून डबा भरताना आगी लागल्या, म्हणून अमेरिकेत 1998 साली सरकारी संस्थेने तसा इशारा दिला होता. गाडीतून उतरल्यावर तोंडापासून लांब, कुठल्यातरी उघड्या लोखंडाला हात लावून मग पुढे या.

त्या वस्तीवर दुसऱ्या दिवशी पट्टी बसली आणि काटा हलला. पोरगा आता बॅटरीच्या उजेडातसुद्धा टाकीत डोकावत नाही. डोकावायची गरजच उरली नाही.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल तर येत्या रविवारी तिच्याखाली एकदा वाकून बघा. आणि घरातली काडेपेटी चुलीपाशीच राहू द्या.