तोफेच्या तोंडी बांधलेली माणसे

आज 13 एप्रिल. जालियनवाला बागेतल्या हुतात्म्यांपुढे माथा टेकण्याचा दिवस. त्या गोळीबाराच्या पंधरा वर्षे आधी, 1904 साली याच तारखेला वासिली वेरेश्चागिन हा रशियन चित्रकार पोर्ट आर्थरजवळ एका युद्धनौकेबरोबर बुडाला. रशिया-जपान युद्ध रेखाटायला तो गेला होता. गुरुग्रामकरांनी त्याचीही आज आठवण काढावी.

वेरेश्चागिन 1874 मध्ये आणि पुन्हा 1882 मध्ये हिंदुस्थानात आला. दिल्लीची मोती मशीद, आग्र्याचा ताज त्याने रंगवला. पण काळजाला घरे पाडते ते त्याचे देहदंडाचे चित्र. तोफांची रांग, प्रत्येक तोफेच्या तोंडाला पाठ लावून जखडलेला एकेक माणूस, सगळ्यांत पुढे पांढऱ्या दाढीचा म्हातारा. बत्ती अजून लागायची आहे. रक्ताचा थेंब नाही, म्हणूनच नजर हटत नाही.

हे चित्र अठराशे सत्तावन्नच्या उठावाचे म्हणून वारंवार छापले जाते. त्यातल्या इंग्रज सोल्जरांचे गणवेश मात्र चित्रकाराच्या स्वतःच्या काळातले आहेत. ही चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. 1872 च्या जानेवारीत मालेरकोटल्याला नामधारी शिखांना असेच तोफेच्या तोंडी दिले गेले. सत्तावन्नची शिक्षा तेव्हाही चालूच होती, आणि वास्तववादी चित्रकाराने ती चालू असल्याचेच दाखवले.

गुरुग्रामने, म्हणजे जुन्या गुडगाव जिल्ह्याने, सत्तावन्नात इंग्रजांचा सूड अंगावर झेलला आहे. मेवातचे मेव उठले, रेवाडीचे राव तुलाराम उठले. 16 नोव्हेंबर 1857 ला नारनौलजवळ नसीबपूरची लढाई हरल्यावर गावेच्या गावे चिरडली गेली. झाशीची कत्तल विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली, म्हणून मराठी घरांना ती ठाऊक आहे. मेवातला असा गोडसे भटजी लाभला नाही.

याच वेरेश्चागिनने रंगवलेली, प्रिन्स ऑफ वेल्सची 1876 ची जयपुरातली मिरवणूक कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये जपून ठेवली आहे. तोफांच्या चित्राची मूळ प्रत मात्र गहाळ आहे. उरल्या आहेत त्या प्रतिकृती, बहुधा चित्रकाराच्या नावाविना छापलेल्या. गुरुग्रामच्या शाळांनी त्या चित्राची एक मोठी प्रत इतिहासाच्या वर्गात लावावी. खाली वेरेश्चागिनचे नाव असावे, मालेरकोटल्याचे असावे, आणि मेवातच्या गावांचेही.